म्हातारचळ ते डिमेन्शिया : औषधांच्या परीक्षेचा इतिहास आणि मराठवाड्यातील वृद्ध

(१)
वार्धक्यातील विस्मरणासाठी मराठीत तयार शब्द आहे : म्हातारचळ. जोडीला म्हण आहे : साठी, बुद्धी नाठी. घरातील वृद्ध रात्री उठून फिरू लागले, जेवूनही ‘जेवले नाही’ म्हणू लागले, सुनेवर चोरीचा आळ घेऊ लागले, की हा शब्द पुढे येतो आणि प्रश्न तेथेच मिटतो. जे वयाचेच लक्षण मानले, त्यावर औषध शोधण्याचे कारण उरत नाही.

(२)
ही अवस्था रोग कधी ठरली, तिच्यावर औषधे कशी तपासली गेली, आणि त्या तपासणीत नांदेड-लातूरकडील वृद्ध कोठे होते, याचा हा धांडोळा. यातील बहुतेक घटना फ्रँकफर्ट, शिकागो, लंडन येथे घडतात. तरीही त्यांचे परिणाम औसा, उदगीर, मुखेड, किनवटच्या औषध दुकानांपर्यंत पोहोचतात.

(३)
आरंभ मराठवाड्यातूनच करावा लागतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड हा जिल्हा, तर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातील बाजारपेठेचे गाव. स्वतंत्र लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. संस्थानातील मनोरुग्णांना प्रारंभी तुरुंगातच ठेवीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांची व्यवस्था जालना येथे करण्यात आली.

(४)
म्हणजे संस्थानाचे वेड्यांचे इस्पितळ मराठवाड्यात होते. १९५३ मध्ये ते हैदराबादच्या एर्रागड्डा भागात हलवले गेले. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि इस्पितळ मात्र आंध्र प्रदेशात राहिले. महाराष्ट्राच्या वाट्याला ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार मनोरुग्णालये आली. त्यांपैकी मराठवाड्यात एकही नव्हते.

(५)
म्हातारचळ लागलेल्या वृद्धाला एरवीही कोणी इस्पितळात नेत नसे. त्याची नोंद होत नसे, निदान होत नसे, मृत्यूनंतरही कारण ‘म्हातारपण’ हेच सांगितले जाई. ज्या रोगाची नोंदवही नाही, त्या रोगाचा इतिहास लिहिताना पुराव्यासाठी दूरवर जावे लागते. या रोगाबाबत ती जागा आहे जर्मनीतील फ्रँकफर्ट.

(६)
नोव्हेंबर १९०१ मध्ये ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री तेथील मनोरुग्णालयात दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहिता लिहिता विसरायला होई. नवऱ्यावर संशय हे तिच्या आजाराचे आरंभीचे लक्षण होते. डॉ. अलॉइस आल्झायमर यांनी तिच्याशी झालेले संवाद टिपून ठेवले. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून आल्झायमर यांनी ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे व्याख्यान दिले.

(७)
एमिल क्रेपेलिन यांनी १९१० मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला आल्झायमर यांचे नाव दिले. पण त्यातून एक विचित्र भेद रूढ झाला. पन्नाशीत स्मृती गेली तर तो ‘आल्झायमरचा रोग’, आणि पंचाहत्तरीत गेली तर ते केवळ वार्धक्य. युरोपातील वैद्यकशास्त्रही जवळजवळ साडेसहा दशके एका अर्थाने ‘साठी, बुद्धी नाठी’ असेच म्हणत होते.

(८)
हा भेद मोडला १९७६ मध्ये. अमेरिकन चेताविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात मांडले की दोन्ही वयांतील आजार मुळात एकच आहे. त्याच सुमारास ब्रिटनमधील संशोधकांना अशा रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन या रसायनाची निर्मिती घटलेली आढळली. रोग आहे, रसायन कमी आहे, तर ते वाढवून पाहावे : औषधाच्या शोधाला प्रथमच दिशा मिळाली.

(९)
येथून पुढे दोन प्रवाह वेगळे ओळखणे आवश्यक आहे. पहिला प्रवाह स्मृती सुधारू पाहणाऱ्या औषधांचा. दुसरा प्रवाह वर्तन आवरणाऱ्या औषधांचा : ओरडणे, मारणे, रात्री भटकणे, संशय घेणे यांवरच्या गोळ्यांचा. कुटुंबाला विस्मरण सोसवते. रात्री-अपरात्रीची आरडाओरड सोसवत नाही. म्हणून दुसऱ्या प्रवाहातील औषधे प्रत्यक्षात फार वापरली गेली.

(१०)
या दुसऱ्या प्रवाहाचा एक उगम भारतात आहे. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उन्माद आणि रक्तदाब यांवरील उपयोग प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचे रक्तदाबावरील परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातील रिसर्पिन वेगळे केले, आणि अमेरिकेतील मनोरुग्णालयांत ते दिले जाऊ लागले.

(११)
त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांवर वापरले गेले. १९५८ मध्ये बेल्जियमच्या पॉल जान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झाले. ही औषधे स्किझोफ्रेनियासारख्या आजारांसाठी होती. परंतु ‘शांत करणारे औषध’ हाताशी आले, की ते अशांत वृद्धालाही दिले जाणे ओघानेच आले. पाश्चात्य देशांतील वृद्धाश्रमांत ही प्रथा काही दशके चालली.

(१२)
शांत झालेला रुग्ण बरा झाला आहे, की केवळ गुंगीत आहे? हा प्रश्न डोळ्यांनी पाहून सुटत नाही. नातेवाईक समाधानी असतात, डॉक्टर समाधानी असतात, आणि रुग्णाला स्वतःचे म्हणणे मांडता येत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती नियंत्रित चाचणी. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट करायचे. एकाला औषध, दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला हुबेहूब पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसते.

(१३)
या कसोटीने पहिल्या प्रवाहातील एक प्रतिष्ठित औषध कोसळले. अर्गट बुरशीपासून सँडोझ कंपनीने बनवलेले हायडर्जिन वृद्धांच्या विस्मरणावर अनेक वर्षे दिले जात होते. १९९० मध्ये आल्झायमरच्या रुग्णांवरील २४ आठवड्यांच्या चाचणीचा निष्कर्ष आला : हायडर्जिनचा उपयोग नाही.

(१४)
दुसरे उदाहरण टॅक्रिनचे. १९८६ मध्ये अमेरिकेतील विल्यम समर्स यांनी अवघ्या १७ रुग्णांवरून थक्क करणारी सुधारणा जाहीर केली. देशभर आशेची लाट उसळली, आणि पाठोपाठ त्या अभ्यासाच्या पद्धतीवर कठोर टीकाही झाली. मोठ्या चाचण्यांत परिणाम पुष्कळ लहान निघाला. तरीही १९९३ मध्ये टॅक्रिन हे आल्झायमरसाठी अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले औषध ठरले. यकृताला होणाऱ्या अपायामुळे ते पुढे मागे पडले.

(१५)
मग आले डोनेपेझिल. जपानच्या आयसाई कंपनीतील हाचिरो सुगिमोतो यांनी ते विकसित केले; त्यांच्या स्वतःच्या आईला डिमेन्शिया झाला होता. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. चाचण्यांत वापरलेली बौद्धिक क्षमतेची मोजपट्टी ७० गुणांची असे, आणि औषध व प्लासिबो यांत सहा महिन्यांनी पडणारा फरक साधारण अडीच-तीन गुणांचा. फरक खरा होता, पण लहान होता. रोग थांबत नव्हता.

(१६)
येथे नांदेड-लातूरचा प्रश्न थेट उभा राहतो. ही मोजपट्टी कोणासाठी होती? डिमेन्शियाच्या तपासणीत सर्वाधिक वापरली गेलेली ३० गुणांची प्रश्नावली १९७५ ची, अमेरिकेतील. तीत आजची तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, एक वाक्य वाचायला आणि एक लिहायला सांगतात, पंचकोन काढून घेतात.

(१७)
निजामी राजवटीत बालपण गेलेल्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या शेतकरी स्त्रीला ही प्रश्नावली दिली, तर तिचे बरेच गुण पहिल्या मिनिटातच जातील, तिचा मेंदू ठणठणीत असला तरीही. तिला तारीख सांगता येत नाही. पण रोहिणी कधी लागतात, मृग कधी निघतो हे ती अचूक सांगते. चुकीची मोजपट्टी निरोगी माणसाला रुग्ण ठरवते आणि रुग्णाला चाचणीबाहेर ठेवते. वाचता येणे, लिहिता येणे ही अट धरली, की निरक्षर वृद्ध आपोआप वगळले जातात.

(१८)
भारतात या अडचणीवर पहिले मोठे काम झाले हरियाणातील बल्लभगड येथे. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी प्रश्नावली तयार केली. ‘वाचा आणि तसे करा’ याऐवजी ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलायचे. १९९८ मध्ये तेथील आकडा प्रसिद्ध झाला : ६५ वर्षांवरील लोकांत डिमेन्शियाचे प्रमाण १.३६ टक्के, जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक.

(१९)
महाराष्ट्रातील मोठी मोजणी मुंबईची. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत चाळिशीपुढील २४,४८८ व्यक्तींची तपासणी झाली आणि ६५ वर्षांवरील गटात प्रमाण २.४४ टक्के निघाले. हे आकडे महानगराचे होते. त्यावरून बालाघाटच्या डोंगररांगांतील गावांचा अंदाज बांधणे धाडसाचे ठरले असते.

(२०)
जागतिक विषमतेला नाव मिळाले १९९८ मध्ये कोचीन येथे. डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि लोकसंख्येवर आधारित संशोधन तेथे १० टक्क्यांहूनही कमी. या दोन आकड्यांवरूनच तेथे स्थापन झालेल्या संशोधक गटाने ‘१०/६६’ हे नाव घेतले.

(२१)
अशा पाहण्यांत वृद्धाचे वयच ठाऊक नसते, तेव्हा स्थानिक घटनांची यादी वापरतात. मराठवाड्यात अशी यादी करायची तर ती इतिहासाचीच अनुक्रमणिका होईल. रझाकारांच्या काळात तुम्ही केवढ्या होता? पोलीस ॲक्शनच्या वेळी लग्न झाले होते का? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा कोठे होता? ही यादी म्हणजे वय मोजण्याचे आणि स्मृती तपासण्याचे एकाच वेळी साधन.

(२२)
आता दुसऱ्या प्रवाहाकडे परत. १९९० च्या दशकात रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन ही नवी औषधे आली. हॅलोपेरिडॉलने हातपाय ताठरतात, कंप सुटतो. ती तक्रार या औषधांत कमी. डिमेन्शियातील आक्रमकतेवर त्यांच्या रीतसर चाचण्या झाल्या. १९९९ मध्ये आलेल्या एका चाचणीत ६२५ रुग्ण होते. रिस्पेरिडोनने आक्रमकता कमी झाली. हा परिणाम माफक होता, पण होता.

(२३)
मग कोणीतरी मृत्यू मोजले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १७ चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली आणि एप्रिल २००५ मध्ये इशारा दिला. सुमारे दहा आठवड्यांच्या चाचणीत प्लासिबो घेणाऱ्या वृद्धांत मृत्यूचे प्रमाण साधारण २.६ टक्के, तर औषध घेणाऱ्यांत सुमारे ४.५ टक्के होते. कारणे बहुधा हृदयाशी संबंधित किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाची. २००८ मध्ये हाच इशारा हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू झाला.

(२४)
एकेका चाचणीत हा धोका दिसला नव्हता, कारण प्रत्येकीत मृत्यू थोडे होते आणि ऐंशीच्या घरातील माणूस गेला तर आश्चर्य वाटत नाही. ‘वय झाले होते’ हे वाक्य फ्रँकफर्टपासून उदगीरपर्यंत सारखेच उपयोगी पडते. रोग झाकण्यासाठी ते वापरले गेले होते, तसेच औषधाचा अपाय झाकण्यासाठीही ते पुरेसे होते. सर्व चाचण्यांची बेरीज झाली तेव्हाच हे झाकण उघडले.

(२५)
पुढच्या दोन चाचण्यांनी चित्र अधिक स्पष्ट केले. २००६ मध्ये अमेरिकेतील ४२१ रुग्णांच्या चाचणीत असे दिसले की औषधांचा काहींना होणारा लाभ दुष्परिणामांमुळे धुऊन निघतो. २००९ मध्ये ब्रिटनमधील १६५ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांची औषधे चालू ठेवली, निम्म्यांना प्लासिबो दिला. दोन वर्षांनी औषध चालू असलेल्यांपैकी ४६ टक्के हयात होते, आणि प्लासिबो गटातील ७१ टक्के.

(२६)
त्याच वर्षी ब्रिटिश सरकारसाठी सुबे बॅनर्जी यांनी अहवाल दिला. त्यांच्या अंदाजानुसार देशभरात डिमेन्शियाच्या सुमारे १,८०,००० रुग्णांना ही औषधे मिळत होती. लाभ फार तर ३६,००० जणांना होत होता, आणि वर्षाकाठी १,८०० अतिरिक्त मृत्यू ओढवत होते. निष्कर्ष ‘कधीही देऊ नये’ असा नव्हता. स्वतःला वा इतरांना इजा होण्याची भीती असेल, अन्य उपाय थकले असतील, तर कमी मात्रेत, थोड्या काळासाठी आणि वरचेवर तपासून, असा होता. २०२३ मध्ये अल्झायमरमधील अस्वस्थतेसाठी ब्रेक्सपिप्राझोलला अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही त्याच इशाऱ्यासह.

(२७)
अन्य उपाय म्हणजे काय, याचे एक उत्तर महाराष्ट्राच्या शेजारी, गोव्यात तपासले गेले. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी औषधाच्या चाचणीसारखीच काटेकोर चाचणी घेतली. फक्त तपासायची गोष्ट गोळी नव्हती. प्रशिक्षण दिलेले स्थानिक साहाय्यक घरी जात. आजार समजावून सांगत, वर्तन कसे हाताळावे ते शिकवत, सरकारी योजनांची माहिती देत. गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ येई. ८१ कुटुंबे सहभागी झाली. ४१ कुटुंबांना ही सेवा लगेच मिळाली.

(२८)
२००८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले, रुग्णाच्या वर्तनामुळे होणारा त्यांचा मनस्ताप घटला. रुग्णाच्या वर्तनातही थोडी सुधारणा दिसली, पण ती योगायोगापलीकडची आहे असे म्हणण्याइतकी नव्हती. आणि तसे संशोधकांनी स्पष्ट लिहिले. चाचणीच्या सहा महिन्यांत १८ रुग्ण वारले, यावरून हा आजार किती उशिरा घराबाहेर कळतो याचीही कल्पना येते.

(२९)
एक कायदेशीर प्रश्न उरतो. चाचणीला संमती कोणी द्यायची? स्मृती गेलेल्या माणसाला आज समजावलेले उद्या आठवत नाही. भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. औषधचाचण्यांतील मृत्यू आणि संमतीतील गैरप्रकार यांवरील याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतर २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले. २०१९ मध्ये नवे सर्वंकष नियम लागू झाले. रुग्ण असमर्थ असेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो. अंगठ्यामागे आता साक्ष हवी.

(३०)
दरम्यान मराठवाड्यात वैद्यकीय शिक्षण पसरले. औरंगाबादला १९५६ मध्ये शासकीय महाविद्यालय आले होते. नांदेडला १९८८ मध्ये आणि लातूरला २००२ मध्ये आले. प्रत्येकासोबत मनोविकार विभाग आला. आणि जालना येथे प्रादेशिक मनोरुग्णालयाला राज्य शासनाने अलीकडे मंजुरी दिली. १९५३ मध्ये जे गाव सोडून गेले, ते तेथेच परतण्याच्या वाटेवर आहे.

(३१)
देशभरच्या नव्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. साठीपुढील भारतीयांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक. बल्लभगडच्या १.३६ टक्क्यांनी दिलेला दिलासा खेड्यांच्या बाबतीत टिकला नाही. पाहण्यांच्या पद्धती व वयोगट वेगळे असल्याने थेट तुलना करता येत नाही. पण ‘हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार’ हा समज मात्र मोडला.

(३२)
या कथेतील एकही गाजलेली औषधचाचणी नांदेड वा लातूरमध्ये झालेली नाही. गोळ्या तेथे पोहोचल्या, इशारे मात्र चिठ्ठीवर लिहिलेले नसतात. ‘आजोबा आता शांत झोपतात’ या वाक्यामागे कोणती गोळी आहे, किती दिवस चालू आहे, ती बंद करण्याचा विचार कोणी केला आहे का, हे प्रश्न डॉक्टरांना विचारण्याचा अधिकार कुटुंबाला १७ चाचण्यांतील मृतांच्या बेरजेने दिला आहे. गोळी मनानेच बंद करणे मात्र धोक्याचे. निर्णय डॉक्टरांसोबतच व्हावा.

(३३)
इतिहासप्रेमींसाठी शेवटचा मुद्दा. पोलीस ॲक्शन पाच वर्षांच्या वयात पाहिलेली व्यक्ती आज ऐंशीच्या पुढे आहे. मुक्तिसंग्रामाच्या, दुष्काळाच्या, भूकंपाच्या पुष्कळ आठवणी कोणत्याही दफ्तरात नाहीत. त्या याच पिढीच्या डोक्यात आहेत. डिमेन्शियात आधी पुसली जाते ती कालची गोष्ट, जुनी आठवण बराच काळ तग धरते. सकाळचे जेवण विसरलेली आजी १९४८ चा सप्टेंबर अजून सांगू शकते. तो ऐकून, तारखेसह लिहून ठेवणे आज शक्य आहे.